पिवळ्या चिठ्ठ्या कुणी पुसल्या?

१

आल्डर फॉल्सच्या आइस रिंकचं छत पडलं ते सकाळच्या वेळी, पोरं शाळेत असताना. तेच संध्याकाळी हॉकीच्या सरावाला पडतं, तर गावातल्या एकाही घरात त्या आठवड्यात चूल पेटली नसती. आत होता एकटा ड्वेन स्कोगलंड, बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवणारा. उत्तरेच्या कोपऱ्यातली, छत पेलणारी लोखंडी कैची आधी खाली आली आणि तिच्यामागून अर्धं छप्पर. वर महिनाभराचा बर्फ साठलेला होताच. ड्वेनचं कमरेचं हाड मोडलं. जीव वाचला, पण तो पुन्हा धड चालेल की नाही हे डॉक्टरही सांगायला तयार नव्हते.

गावानं पहिल्या दिवशी देवाचे आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी दोषी शोधायला घेतला. फार लांब जावं लागलं नाही. डिसेंबरात छताची तपासणी केली होती टोइवो कांगासनं. चाळीसेक वर्षं इंजिनियरकी केलेला माणूस, सत्तरी ओलांडलेला, मितभाषी. त्यानं आराखडा मेलनं पाठवला होता आणि त्या आराखड्यात धोक्याचं अवाक्षर नव्हतं.

टोइवो म्हणत होता, होतं. त्यानं आराखड्यावर पिवळ्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या. कागदाच्या नव्हेत, कॉम्प्युटरवरच्या, टिचकी मारली की उघडणाऱ्या. त्यातल्या एकीत त्यानं लिहिलं होतं की उत्तरेच्या कोपऱ्यातल्या कैचीचा जोड सुटतोय, खालून आधार दिल्याशिवाय छतावर बर्फ साठू देऊ नका, साठलाच तर रिंक बंद ठेवा.

गाव कौन्सिलच्या बैठकीत त्यानं खिशातला पेनड्राइव्ह काढला आणि मार्लिस ओडेगार्डच्या हातात दिला. मार्लिस ही गावाच्या कचेरीतली कारकून. कॉम्प्युटरचं काहीही निघालं की लोक तिच्याकडेच बघत. गावाची मेल मोठी फाइल आत घेत नसे, दारातूनच परत धाडायची. मग पाद्र्याचं पत्रक असो, शाळेचा अहवाल असो नाहीतर कुणाच्या विहिरीचा नकाशा, सगळे मार्लिसच्या खिडकीशी यायचे. "मार्लिस, जरा बारीक करून दे गं हिला." ती हसायची, एक बटण दाबायची आणि म्हणायची, मला स्वतःला असं बारीक करता आलं असतं तर काय पाहिजे होतं.

तिनं पेनड्राइव्ह लावला. भिंतीवरच्या पडद्यावर आराखडा उघडला. रेघा होत्या, छताचे फोटो होते, कोपऱ्यात टोइवोचा इंजिनियरचा शिक्का होता. पिवळं मात्र कुठंच काही नव्हतं.

टोइवो उठून पडद्यापाशी गेला आणि उत्तरेच्या कोपऱ्यावर बोट ठेवून तसाच उभा राहिला. "इथं होती," तो म्हणाला. मार्लिसनं लाजून खाली बघितलं, त्याच्या वतीनं.

२

विमा कंपनीनं तपासाला पाठवली ती वर्ना किंगबर्ड. तलावापलीकडच्या रिझर्वेशनवर, म्हणजे मूळ अमेरिकी लोकांच्या राखीव वस्तीत वाढलेली बाई, त्यामुळे इकडच्या माणसांच्या खोडी तिला ठाऊक. कॉफीला पहिल्यांदा नाही म्हटलं म्हणजे ते नाही नसतं, हे तिला कुणी सांगायला लागलं नाही. तिला बसायला कचेरीतली मागची खोली दिली, आणि जबाब टाइप करायला मार्लिस.

राज्याच्या इंजिनियर मंडळापुढे टोइवोची सुनावणी शुक्रवारी होती. तोवर चिठ्ठ्यांचा पत्ता लागला नाही, तर त्याचा परवाना जाणार होता. पण खरं तर परवान्याचं एवढं काय, या वयात तो आज ना उद्या परत करणारच होता. ड्वेनला आपण मोडलं, हे कपाळावर लिहून घेऊन त्याला उरलेलं आयुष्य याच गावात काढावं लागणार होतं. मार्लिसला ते दिसत होतं. तिचा नवरा आर्नी गेल्यापासून तिच्या दारातला बर्फ टोइवोच उपसायचा, न सांगता, ती उठायच्या आत. त्यामुळे ती मनापासून कामाला लागली होती. चिठ्ठ्या ज्यानं पुसल्या त्याला धरून टोइवोपुढे उभा करायचा, असंच तिनं ठरवलं होतं.

पहिला आला कर्ट ब्रॅनव्होल्ड, रिंकचा मॅनेजर. त्याच्यावर संशय घ्यायला जागा होती. जानेवारीतली हॉकी स्पर्धा रद्द झाली असती, तर वर्षभर रिंकला कुलूप लागलं असतं. चिठ्ठी वाचून त्यानं ती गुपचूप पुसली असेल, असं निम्मं गाव दबक्या आवाजात बोलतच होतं.

कर्ट चिडला नाही. तो टोपी हातात फिरवत बसला. मेल आली, आपण आराखडा उघडला, स्वच्छ दिसला, म्हणून 'छान, धन्यवाद' असं उत्तर धाडलं, एवढंच त्यानं सांगितलं. मग जरा थांबून म्हणाला, "बाई, माझी स्वतःची पोरगी त्या छताखाली गोल अडवायला उभी असते. चिठ्ठी वाचली असती, तर मी तिला तिथं उभी केली असती का?"

वर्नानं त्याचा कॉम्प्युटर मागितला. त्यानं तो पुढे सरकवला. शिवाय तिनं मेल जिथं येऊन साठते तिथून मूळ टपालाची प्रतही मागवली. कर्टनं उघडायच्या आधीची, जशी आली तशी. तीही कोरीच निघाली.

दुसरा लाइल प्रूएट, ठेकेदार. मागच्या शरद ऋतूत त्याच कैचीचे नटबोल्ट त्यानं आवळले होते. ते नीट आवळले नसतील, तर टोइवोची चिठ्ठी त्याच्याच गळ्याशी येणार. त्यात टोइवोच्या मासेमारीच्या खोपटाची किल्ली लाइलकडे, आणि पेनड्राइव्ह त्या खोपटात खिळ्याला लटकलेला असायचा, हे सगळ्यांना माहीत.

लाइल फुरफुरत आला. बोल्टाबद्दल काय विचारायचं ते विचारा म्हणाला, चुकलं असेल तर भोगेन. चिठ्ठ्यांबद्दल मात्र विचारू नका, मला कॉम्प्युटर चालू करायला बायको लागते. उठता उठता दारात थांबला आणि वर्नाऐवजी मार्लिसकडे बघून बोलला. "मला म्हणायचं नव्हतं. पण म्हातारा हल्ली विसरतो गं. परवा खोपटात अर्धा तास गळ शोधत होता. हातातच होता."

मार्लिसची बोटं कीबोर्डवर थांबली. हे तिच्या मनात आलंच नव्हतं. किंवा आलं होतं आणि तिनं आत येऊ दिलं नव्हतं.

३

टोइवोचा जबाब घ्यायला वेळ लागला नाही, कारण तो फार बोललाच नाही. वर्नानं विचारलं, एवढा धोका दिसला होता, तर कर्टला फोन का नाही केला? टोइवोला प्रश्नच कळेना. त्यानं लिहिलं होतं की. कर्टचं 'छान, धन्यवाद' आलं होतं. लिहिलेलं पुन्हा तोंडानं सांगायचं म्हणजे समोरच्याला तू गाढव आहेस म्हणण्यासारखं. इकडे कुणी एक गोष्ट दोनदा सांगत नाही. मग मुलीकडे डुलुथला गेला तो छत पडल्यावरच परतला. गावात असता तर रिंकवर बर्फ दिसला असता, असं तो दोनदा म्हणाला.

पूर्वी तो सगळं लाल पेन्सिलीनं कागदावर लिहायचा. कॉम्प्युटरवर चिठ्ठ्या डकवायला तो याच हिवाळ्यात शिकला होता. का, असं वर्नानं विचारलं तेव्हा तो पहिल्यांदा जरासा हसला. "हिनं छळलं म्हणून. कागदाच्या सुरळ्या घेऊन येतोस, बाबा आदमच्या काळातला आहेस म्हणाली."

मार्लिसही हसली. आणि मग टोइवोनं जे म्हटलं ते तिला टाइप करवेना. तो म्हणाला, "माझ्या डोळ्यांपुढे चिठ्ठी दिसते. शब्द दिसतात. पण दोन्ही प्रती कोऱ्या आहेत. मग मी लिहिलंच नसेल. लिहायचं ठरवलं असेल आणि लिहिलं असं वाटलं असेल. माझ्या वडलांचं असंच सुरू झालं होतं."

तो गेल्यावर मार्लिस बाहेर आपल्या खिडकीशी येऊन बसली, तर समोर आर्डिस हॉगे. आर्डिस म्हणजे चर्चच्या स्वयंपाकघराची राणी, आणि गेले दोन आठवडे राणी तोफेच्या तोंडी होती. चर्चनं शंभरीचं पाककृतींचं पुस्तक काढलं होतं. त्यात आर्डिसच्या मांसाच्या गोळ्यांची कृती छापून आली ती दुप्पट मिठाची. रविवारच्या जेवणावळीत माणसं घासाघासाला पाणी पीत होती. वर्ना किंगबर्डही त्या दिवशी तिथंच जेवली होती, आणि शेजारी बसून आर्डिसचं सगळं गाऱ्हाणं तिनं ऐकून घेतलं होतं.

आर्डिस आता तेच मार्लिसला ऐकवायला आली होती. तिनं मीठ दुरुस्त केलं होतं. शपथेवर केलं होतं. पुस्तकाच्या फाइलीवर त्या जागी पिवळी चिठ्ठी लावून लिहिलं होतं, निम्मं करा म्हणून. आणि छापखान्यातला पोरगा म्हणतो की चिठ्ठीच नव्हती. "हे लॉरेनचं काम. तिच्या गोळ्यांना कुणी विचारत नाही म्हणून. आता सांग, छापखान्याला फाइल पाठवण्याआधी ती लॉरेनच्याच हातात होती ना?"

लॉरेनच्या हातात होती खरी. पण लॉरेननं ती कुठं आणली होती, हे मार्लिसला चांगलं आठवत होतं. याच खिडकीशी. छापखान्याला मेल जात नव्हती म्हणून, बारीक करून घ्यायला.

४

जेवणाच्या सुटीत कचेरी रिकामी झाल्यावर तिनं दार लोटून घेतलं. जुनी कुठलीशी फाइल उघडली, मधोमध एक पिवळी चिठ्ठी लावली आणि तिच्यात फक्त 'मार्लिस' असं लिहिलं. मग नेहमीचं बटण दाबलं.

त्या प्रोग्रॅमात दोन बटणं होती. एक 'थोडी लहान', दुसरं 'सगळ्यात लहान'. पहिल्यानं फाइल बारीक व्हायची, पण कधी कधी मेलच्या दारात अडायची. मग लोक परत यायचे आणि तिला ओशाळल्यासारखं व्हायचं. म्हणून ती नेहमी दुसरंच दाबायची. वर तीच बारीक झालेली फाइल जुनीच्या जागी ठेवून द्यायची, लोकांच्या पेनड्राइव्हवर उगाच पसारा नको म्हणून. एवढी व्यवस्थित बाई ती.

फाइल बारीक झाली. मार्लिसनं उघडली. चिठ्ठी नव्हती.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा नव्हती. आणि मग तिला एक जुनी गोष्ट आठवली. हा प्रोग्रॅम नवा होता तेव्हा पहिल्यांदा बटण दाबल्यावर एक चौकट उघडली होती. काहीतरी बजावत होती ती. टिपा, चिठ्ठ्या, असलं काहीतरी काढून टाकलं जाईल म्हणून. खिडकीशी रांग होती. मार्लिसनं पुरतं वाचलं नव्हतं. खाली 'पुन्हा दाखवू नका' असं होतं, तिथं खूण केली होती आणि पुढच्या माणसाला हाक मारली होती.

डिसेंबरात टोइवो त्याच रांगेत उभा राहिला होता. फोटोंनी फुगलेला आराखडा घेऊन, तो बारीक करून मिळेल का विचारत.

म्हणजे कर्ट नाही, लाइल नाही, आणि म्हाताऱ्याचं डोकंही नाही. चिठ्ठी तिनं पुसली होती. त्याच्या पेनड्राइव्हवरची मूळ प्रतसुद्धा तिनंच संपवली होती, नीटनेटकेपणानं. ड्वेनची कंबर आठवली तेव्हा तिला उभ्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती स्वच्छतागृहात गेली, तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघायचं टाळून बाहेर आली.

बाहेर वर्ना उभी होती. तिच्या हातात एक पेनड्राइव्ह होता. सहज विचारल्यासारखी म्हणाली की तुम्ही इतक्यांच्या फाइली हाताळता, तर एवढ्यात काही विचित्र घडलेलं लक्षात येतंय का तुमच्या?

सांगायला एवढी आयती जागा पुन्हा मिळाली नसती. मार्लिसनं तोंड उघडलं. आणि तिच्या डोळ्यांपुढे अख्खं गाव आलं, तिच्या खिडकीशी ओळीनं उभं, आणि त्यांच्यातला प्रत्येकजण मागे वळून निघून जाताना.

"नाही," ती म्हणाली. "तसं काही नाही."

वर्नानं मान हलवली. मग पेनड्राइव्ह पुढे केला. मुख्य कचेरीला एक फाइल धाडायची आहे, जात नाहीये, नेहमीसारखी बारीक करून द्याल का?

मार्लिसनं ती फाइल उघडली. दुसऱ्याच पानावर एक पिवळी चिठ्ठी होती. वर्नानं कसलीशी तारीख तपासायची आठवण लिहून ठेवली होती. मार्लिस त्या चिठ्ठीकडे बराच वेळ बघत राहिली. आता तिच्या हातून आणखी एक चिठ्ठी पुसली जाणं तिला सोसणारं नव्हतं. तिनं 'थोडी लहान' दाबलं, चिठ्ठी शाबूत आहे ना हे दोनदा पाहिलं आणि फाइल परत केली.

५

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, टोइवो आला. कोटाच्या खिशातून त्यानं एक छोटी डबी काढून खिडकीत ठेवली. आत त्याचा शिक्का होता, इंजिनियरचा, हाताच्या घामानं मूठ काळी पडलेला.

त्यानं ठरवलं होतं. शुक्रवारची सुनावणी करून मंडळाला आणि गावाला कशाला ताटकळत ठेवायचं? आपण चुकलो असं लिहून देतो, शिक्का परत करतो, आणि दोन्ही टपालानं पाठवून दे, एवढंच त्याला सांगायचं होतं. सकाळी तो दवाखान्यात जाऊन आला होता. विसरण्याची तपासणी करायची आहे म्हणून नाव नोंदवून. गाडीच्या किल्ल्या त्यानं डुलुथहून सोबत आलेल्या मुलीला देऊन टाकल्या होत्या. कचेरीपर्यंत तो चालत आला होता, उणे वीसमध्ये.

मार्लिसनं त्याला बसवलं आणि कॉफी दिली. तो नको म्हणाला, पुन्हा नको म्हणाला, मग घेतली. सांग, सांग, असं तिचं मन ओरडत होतं आणि तोंडातून निघत होतं ते भलतंच. साखर हवी का, डुलुथची हवा कशी होती, मुलगी बरी आहे ना.

"माणसाला आपण काय केलं हे ठाऊक असायला पाहिजे," टोइवो म्हणाला. "ड्वेनच्या बायकोपुढे जाऊन मी चुकलो म्हणायचं, तर ते तरी खात्रीनं म्हणता यायला हवं. मला तेही येत नाही." मग त्यानं कप ठेवला. "तू होतीस म्हणून बरं. निदान तुझं तरी सगळं नीट असतं."

तो गेला. ती डबी मार्लिसनं टपालात टाकली नाही. एवढं तिनं केलं. ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवर लावून घेतला, आणि एवढं केलं म्हणून स्वतःला जराशी माफीही देऊन टाकली. मग त्या माफीचीच तिला इतकी किळस आली की ती दुपारभर कुणाशी बोलली नाही.

गुरुवारी वर्नानं सगळ्यांना कौन्सिलच्या दालनात बोलावलं. आत जाण्याआधी बोळात तिनं मार्लिसला थांबवलं. आवाज न चढवता, कोट काढता काढता बोलली.

"आर्डिसची फाइल मी छापखान्यातून मागवून पाहिली. पाद्र्याची पाहिली, शाळेची पाहिली. तुमच्या हातून गेलेल्या एकाही फाइलीत चिठ्ठी टिकलेली नाही, वर्षभरात. माझी तेवढी टिकली." तिनं कोट खुंटीला अडकवला. "फाइलींचं काय झालं ते मी आत सांगेन. ते माझं काम आहे. माझी चिठ्ठी का टिकली, हे माझ्या अहवालात बसत नाही."

वर्ना तिच्यासाठी दार उघडून उभी राहिली होती.

६

आत टेबलाभोवती कर्ट, लाइल, आर्डिस आणि कौन्सिलची मंडळी होती. टोइवो खिडकीशी, सगळ्यांपासून दूर, टोपी मांडीवर घेऊन.

वर्नानं सरळ सुरुवात केली. तिचं म्हणणं साधं होतं. कर्टकडे पोचलेली फाइल आणि टोइवोच्या पेनड्राइव्हवरची फाइल, दोन्ही तंतोतंत एक आहेत. म्हणजे चिठ्ठ्या गेल्या त्या मेल जाण्याच्या आधी. कर्टला ती फाइल तोवर मिळालीच नव्हती, तेव्हा तो सुटला. लाइल त्या महिन्यात नॉर्थ डकोटाच्या तेलविहिरींवर कामाला होता, त्याच्या मुकादमानं ते सांगितलं. तोही सुटला. बोल्टांचा हिशेब त्याचा वेगळा होईल. लाइलनं मान खाली घातली.

मग राहिला टोइवो. त्यानं चिठ्ठ्या लिहिल्याच नाहीत, असं म्हणता येतं. पण एक गोष्ट बसत नाही. छताचे एवढे मोठाले फोटो असलेला आराखडा गावाच्या मेलमध्ये शिरूच शकत नाही. तरी तो शिरला. म्हणजे टोइवोनं केला तसा तो राहिलेला नाही. कुणीतरी मध्ये त्याला बारीक केलं आहे.

"हे मला कुणीच सांगितलं नाही," वर्ना म्हणाली, "कारण ते तुम्हाला सांगण्यासारखं वाटलंच नाही. पत्र कुणाकुणाच्या हातात होतं असं विचारलं, तर पोस्टमनचं नाव कुणी घेत नाही."

एकेक डोकं मार्लिसकडे वळलं. वर्नानं पडद्यावर करून दाखवलं. आराखडा, त्यावर चिठ्ठी, 'सगळ्यात लहान', आणि आराखडा कोरा. आर्डिसच्या तोंडून अगं बाई निघालं, आणि आपण लॉरेनला काय काय बोललो ते तिला आठवलं असावं, कारण तिनं तोंडावर हात ठेवला.

टोइवो उठला. पडद्याजवळ गेला, पुन्हा त्याच कोपऱ्याशी. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं ते सगळ्यांना दिसलं. "म्हणजे मी लिहिलं होतं," तो म्हणाला. कुणाला उद्देशून नव्हे. मग पुन्हा म्हणाला, "मी लिहिलं होतं." या माणसाला एकच गोष्ट दोनदा बोलताना गावानं क्वचितच ऐकलं होतं. त्यानं रुमाल काढून डोळे पुसले आणि कुणाला त्याची लाज वाटली नाही.

मग सगळे मार्लिसकडे आले. खरंच आले. आर्डिसनं तिचा दंड धरला. कर्ट म्हणाला, तुला काय माहीत होतं, आम्हीच सगळं तुझ्या गळ्यात टाकतो. कौन्सिलचा अध्यक्ष म्हणाला, यंत्राची चूक, माणसाची नाही. आणि टोइवो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, डोळे अजून ओले, आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "तुला कुठं ठाऊक होतं? तुला आत्ताच कळलं ना, आमच्याबरोबर."

सगळं मिटलं होतं. नुसती मान हलवायची होती. वर्ना खिडकीबाहेर बघत होती, आणि ती कधीच काही बोलणार नव्हती हे मार्लिसला पक्कं ठाऊक होतं. उद्यापासून पुन्हा लोक खिडकीशी आले असते, बिचारी म्हणत, आधीपेक्षा जास्त मायेनं. ती माया जन्मभर खायची, हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं मान हलवली नाही.

"नाही," मार्लिस म्हणाली. "मला मंगळवारी कळलं."

दालनात कुणाला लगेच उमगलं नाही. आर्डिसचा हात तिच्या दंडावर तसाच होता. टोइवोला मात्र समजलं. त्याचा हात तिच्या खांद्यावरून हळूच निघाला. रागानं नाही. तो मनात काहीतरी जुळवत होता, आराखडा तपासताना जुळवायचा तसं, एकेक जोड बघत.

"बुधवारी मी शिक्का घेऊन आलो होतो," तो म्हणाला.

"हो."

"मी तुला वडलांचं सांगितलं होतं त्याच्या आदल्या दिवशी."

"हो."

"तू मला कॉफी दिलीस."

"हो," मार्लिस म्हणाली. तिला वाटलं की आता तो ओरडेल, आणि तिला ते हवं होतं. टोइवोनं टोपी घातली, कोटाची बटणं एकेक करून लावली, आणि न्यायला येणाऱ्या मुलीची वाट न बघता दाराकडे निघाला. दारात थांबून त्यानं वर्नाचे आभार मानले, नाव घेऊन, हात मिळवून. कर्टला मान लवून निरोप दिला, लाइललासुद्धा.

आर्डिसनं आपला हात काढून घेतला. मार्लिस उठली, आपल्या टेबलापाशी गेली, ड्रॉवर उघडून शिक्क्याची डबी घेतली आणि कोट न घालताच त्याच्यामागे बाहेर धावली. रस्त्यावर तो बराच पुढे गेला होता. तिनं हाक मारली. तो थांबला, परत आला, तिच्या हातातून डबी घेतली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "आत जा. थंडी आहे."

एवढंच बोलून तो चालायला लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे बर्फ पडला. मार्लिसनं पडदा बाजूला केला तेव्हा तिच्या दारातला सगळा तसाच पडून होता, आणि ती फावडं आणायला उठली.